समोरच्याची बाजू

आमच्या वऱ्हाडात मतांचा तुटवडा कधीच नव्हता. पानटपरीवर उभ्या असलेल्या कुणालाही विचारा, क्रिकेटपासून कापसाच्या भावापर्यंत सगळ्यावर तो निकाल देऊन मोकळा होतो. त्याच माणसाच्या पोरांना वर्गात उभं करून विचारा, "तुला काय वाटतं?" की ती शेजारच्याच्या तोंडाकडे बघतात. नांदगाव खंडेश्वरच्या ज्युनिअर कॉलेजात मराठी शिकवायला लागले तेव्हा पहिल्याच आठवड्यात मी हा प्रश्न विचारला होता. मग मागच्या बाकावरून एकानं अगदी नम्रपणे विचारलं, "मॅडम, परीक्षेत कोन्तं मत लिहाचं?"

मी चिडले. चिडणं माझ्या माहेरचं आहे. अकोल्याला वडील वकिली करायचे, त्यामुळे वरणात मीठ कमी पडलंय हेसुद्धा आमच्याकडे पुराव्यानिशी सिद्ध करावं लागे. त्यात इथली वादविवाद स्पर्धेची रीत पाहिली आणि उरलासुरला संयमही गेला. भाषण शिक्षकानं लिहायचं, विद्यार्थ्यानं पाठ करायचं आणि 'मोबाईल : शाप की वरदान' या विषयावर टेबलावर मूठ आपटून ढाल घेऊन यायची. वाट्याला शाप येणार की वरदान, ते चिठ्ठी टाकून ठरे. आपलं ठाम मत कोणतं आहे हे बिचाऱ्या वक्त्याला आदल्या दिवशी कळायचं.

मी पाठांतर बंद केलं आणि एक नियम घातला. आधी समोरच्याची बाजू मांडायची, तीही अशी की त्यानंच म्हणावं, "हो, हेच म्हणायचं होतं मला." त्यानंतर 'पण' म्हणायचं आणि आपलं सांगायचं. या नियमाचा मला इतका अभिमान होता, की अमरावतीहून येताना एसटीत शेजारी बसणाऱ्या सहशिक्षिकेला मी तो पुनःपुन्हा ऐकवायचे. हल्ली ती बसमध्ये चढताच डोळे मिटून घेते.

हा नियम सगळ्यात चांगला उचलला तो बारावीतल्या एका मुलीनं. ती बोलायला लागली की विरोधातली मुलंही माना डोलवायची. बारावीचा निकाल लागला आणि तिनं ठरवलं, बी.एस्सी.ला अमरावतीला होस्टेलवर राहायचं. वडील नाही म्हणाले. शेतीभाती उत्तम, घरात कशाची कमी नाही, पण तीच पदवी गावातल्या कॉलेजात मिळत असताना पोरीनं बाहेर राहायचं कशाला, हे काही त्यांच्या गळी उतरेना. प्रवेशाची मुदत संपत आली होती. "रविवारी मी बाबांशी बोलते, मॅडम," ती म्हणाली. "आपल्या पद्धतीनं." मी तिची पाठ थोपटली. जिंकलेल्यात जमा होतं सगळं.

सोमवारी ती कॉलेजात आली ती रडवेल्या चेहऱ्यानं.

झालं होतं असं. वडील अंगणातल्या बंगईवर झोके घेत बसले होते. हिनं नियमाप्रमाणे आधी त्यांची बाजू घेतली. पदवी तर इथंही तीच आहे. आईचे गुडघे दुखतात, घरात हाताखाली कुणी नको का? होस्टेलचं जेवण कसं असतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. शिवाय घरी राहून अभ्यास केलेली पोरंही पुढं गेलीच आहेत. वडिलांनी बंगई थांबवली. शेजारच्या घरातून काकाला हाक मारून बोलावून घेतलं. "ऐक, पोट्टी कशी बोलून राह्यली! पुन्हा सांग वं, बाई." तिनं पुन्हा सांगितलं. या खेपेला आणखी चांगलं झालं, असं तिनंच मला रडता रडता सांगितलं. ती 'पण'पर्यंत पोचणार, तेवढ्यात वडील उठले, "पटलं बाप्पा मले," म्हणाले आणि काकाला घेऊन वावरात निघून गेले. हिचं 'पण' तोंडातल्या तोंडात राहिलं.

माझ्या पद्धतीचा असा विजय मी कधी पाहिला नव्हता. आमच्याकडे मोठी माणसं पोरांचं अर्धंच ऐकतात, हे वऱ्हाडातच वाढलेल्या मला माहीत असायला हवं होतं. नियम घडवताना मी ऐकणाऱ्याला पुण्यामुंबईचा परीक्षक समजून चालले होते बहुतेक.

त्याच संध्याकाळी मी तिच्या घरी गेले. वडिलांनी उठून खुर्ची दिली, आतून चहा मागवला. "लय चांगलं शिकवता तुमी, मॅडम. पोट्टी पार वकील झाली." मी बाहेर राहण्याचे फायदे सांगू लागले. प्रत्येक फायद्याला त्यांच्याकडे उत्तर तयार होतं, आणि प्रत्येक उत्तर माझ्या विद्यार्थिनीचं होतं. शब्दसुद्धा तिचेच. शेवटी मी वैतागून म्हटलं, "अहो, ती फक्त तुमची बाजू मांडत होती."

"माही बाजू?" त्यांना खरोखर नवल वाटलं. "म्या त फक्त नाई म्हटलं होतं, मॅडम. कारनं सारी तिनंच देल्ली."

चहा निवत होता. मुलगी दारात उभी राहून आमचा सामना पाहत होती.

"बाबा, मले जाचं हाय," ती म्हणाली.

"अवं, पन तुह्या मायचे टोंगळे..."

"दुखतेत, मले मालूम हाय. तरी बी मले जाचं हाय." आणि ती सरळ रडायलाच लागली.

स्पर्धेत मी तिला शून्य दिलं असतं. मुद्दा एकच, तोही दोनदा, आणि पुरावा म्हणून डोळ्यांतलं पाणी. पण मला तिचा हेवा वाटला. अकोल्याच्या घरात एवढं साधं वाक्य बोलायची माझी कधी हिंमत झाली नव्हती; तिथं नुसत्या इच्छेची कुणी दखलही घेत नसे.

तिच्या वडिलांनी माझ्याकडे वळून विचारलं, "मॅडम, हे बी तुमीच शिकवलं काय?"

"नाही," मी म्हणाले.

"मंग हे तिचं हाय," असं म्हणून त्यांनी तिला प्रवेशाची कागदपत्रं काढून ठेवायला सांगितली. सकाळच्या एसटीनं बापलेकीला अमरावतीला जायचं होतं.