भुऱ्याच्या गोळ्या

हे मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. तुम्हाला का सांगतेय — माहीत नाही. ऐका फक्त.

बाळकुमला आमच्या सोसायटीला लागून एक बाग आहे. तिथे एक भटका कुत्रा असायचा, भुऱ्या. शेजारच्या नलूकाकू त्याला रोज दूध-पोळी घालायच्या. एकट्या राहायच्या त्या. दिवसभरातलं बोलणं काय ते त्याच्याशीच. मी सोबत जायचे, जरा लांब उभी राहायचे, "किती गोड आहे ना" म्हणायचे. खोटं. किळस यायची मला त्याची.

का नाही येणार? कानात गोचिडींचे घोस — फुगलेल्या, राखाडी, एरंडाच्या बियांसारख्या. एकदा माझ्या चपलेखाली एक फुटली. चिकट, काळपट रक्त. ती चप्पलच टाकून दिली मी.

मग भुऱ्याने खाणं सोडलं. बागेत भटक्या कुत्र्यांना तपासायला जनावरांचे एक डॉक्टर यायचे, तरुण पोरगाच होता. त्याने रक्त तपासलं. गोचिडींमुळे रक्तात जिवाणू शिरलेत म्हणाला. बागेतल्या मुंगसांच्या अंगावरही या गोचिडी असतात, तिथूनच आल्या असतील, असंही म्हणाला. "गोळ्या एकही दिवस चुकवू नका, बरा होईल."

नेमक्या तेव्हाच काकू बाथरूममध्ये घसरल्या. पाय प्लास्टरमध्ये. गोळ्यांचं पाकीट माझ्या हातात दिलं. "मेघा, तुझ्याशिवाय कोण आहे गं त्याला?"

पहिल्या दिवशी गेलेले मी. खरंच गेलेले. गोळी पेढ्यात घालून पुढे टाकली. त्याने हुंगून तोंड फिरवलं. म्हणजे जबडा उघडून घशात सारायला हवी होती. हिरड्या पांढऱ्याफटक, लाळेची तार — आणि पापणीवरून एक गोचीड सावकाश चाललेली. मी मागे सरले. गोळी गटारात टाकली. दुसऱ्या दिवशी — अख्खं पाकीट.

काकू रोज विचारायच्या, "खाल्ली का गं?"

"हो काकू, पेढ्यातून. शेपूट हलवत खातो."

ती शेपूट मी कुठून आणली? कुणी मागितली होती?

दुसऱ्या कुणाला सांगता आलं नसतं? आलं असतं. वॉचमनने हसत दिली असती. पण मग मला किळस येते हे कळलं असतं — आणि सोसायटीत तर मी मुक्या जनावरांवर जीव टाकणारी मेघा!

भुऱ्या बाकाखाली मेला. नाकातून रक्त आलेलं. अंगावरून गोचिडी उतरत होत्या. अंग गार पडलं की त्या निघतात. तेही उभं राहून बघितलं मी.

काकूंनी वॉकर घेऊन बाग गाठली आणि सगळ्यांसमोर त्या डॉक्टरला धरलं. "तुझ्या गोळ्यांनी मारलं त्याला!"

तो गोंधळला. माझ्याकडे वळला. "ताई, रोज दिलेल्या ना?"

"रोज," मी म्हटलं.

तो बॅग उचलून गेला. पुन्हा कधी बागेत आला नाही.

काकू आता कल्याणला बहिणीकडे असतात. निघताना त्यांनी माझे दोन्ही हात घेऊन डोळ्यांना लावले. "या हातांनी भरवलंस गं त्याला, शेवटपर्यंत."

मी हात काढून घेतले नाहीत.