वंदूच्या वाटेवरची माणसं

शाळेत मी तिसरा तास घेत होते, तेव्हा गावाहून आईचा फोन आला. "वंदू गेली गो," एवढंच ती बोलली. माझ्या धाकट्या बहिणीचं हृदय जन्मापासून अधू, त्यामुळे बातमी अगदीच अनपेक्षित नव्हती… महाडहून पोलादपूरला जाताना एसटीत मला रडू आलं नाही. डोळ्यांपुढे तिची ती रोजची कामाची वाट येत राहिली.

वंदूला विल्यम्स सिंड्रोम होता. हे नाव मुंबईच्या डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा तिनं विशी ओलांडली होती. तोवर आम्ही तिला वेंधळी म्हणायचो, याची मला आजही लाज वाटते. पायरी कुठे संपते, वाट कुठे वळते, हे तिच्या नजरेला उमजायचंच नाही. ठिपक्यांची रांगोळी तिला कधी जोडता आली नाही. आई रोज सकाळी दाराऐवजी घराच्या सातही पायऱ्यांच्या कडेला रांगोळीची जाड रेघ ओढायची, ती बघून वंदू पाय टाकायची. माणूस मात्र ती नुसत्या खोकल्यावरून ओळखायची.

खालच्या वाडीतल्या अंगणवाडीत मदतनीस हवी होती. वंदूनं हट्टच धरला. वाट वीस मिनिटांची, पण तीन फाटे आणि एका अंगाला दरी. मी साफ नको म्हटलं. ती दोन दिवस जेवली नाही, तेव्हा शिक्षिकेला सुचेल तेच मी केलं. झाडं, वळणं, बाण दाखवून झकास नकाशा काढून दिला. तिनं तो उलटा धरून बराच वेळ न्याहाळला.

"ताई, यात मानसं कुटं हायत?"

मग ती आईला घेऊन तिन्ही फाट्यांवरच्या घरी गेली आणि "मी येताना मला हाक मारा," असं सांगून आली. दुसऱ्या दिवशी पहिल्या फाट्यावरून गंगाकाकींचा आवाज आला, "वंदे, निगालीस गो? हिकडं ये." वंदू त्या आवाजाच्या रोखानं चालत गेली. हाक आली नाही तर पुढे जायचं नाही, हा तिचा नियम. अकरा वर्षं ती कामावर गेली, एकदाही चुकली नाही. माझ्या बहिणीनं स्वतःची वाट स्वतः बांधली, हे मी आता सगळ्यांना छाती फुगवून सांगते.

दहावं झाल्यावर अंगणवाडीत राहिलेला तिचा डबा आणायला मी त्याच वाटेनं निघाले. गंगाकाकी दारात होत्या. मला पाहून त्यांनी सवयीनं हाक मारायला तोंड उघडलं आणि पदर तोंडाला लावला. वाट मला पाठ होती, तरी पाऊल उचलेना.

"काकी, हाक मारा ना," मी म्हटलं.

त्यांनी तोंडावरचा पदर काढला, हाक मारली, आणि मी आवाजाच्या रोखानं चालू लागले.