पिंपळदरे स्टेशनची मागची भिंत

बेबाबाई बोरसेंच्या ओट्यावर धूळ बसायची झाली तर तिनं आधी विचारून यावं, असं धुळ्याच्या देवपुरात त्यांची गल्ली म्हणायची. चेष्टेनं म्हणायची, पण त्यांच्या माघारी. समोर म्हणायची कुणाची छाती नव्हती.

महिनाभर बाई पहूरला लेकीच्या बाळंतपणाला गेल्या होत्या. काल संध्याकाळी परतल्या आणि आज सकाळी मुलगा प्रकाश आबांना, म्हणजे बाईंच्या नवऱ्याला, घेऊन दवाखान्यात गेला, तशा फडकं घेऊन उठल्या. सून रूपा आत भाकरी टाकत होती. महिनाभर घर सुनेच्या हाती होतं, म्हणजे कुठं ना कुठं कसर सापडणारच, हे बाईंनी पहूरहून येताना एसटीतच ठरवून टाकलं होतं. खोटं कशाला बोला.

आणि सापडली की. आबांच्या खाटेजवळच्या टेबलावर, जुन्या धोतराच्या तुकड्याखाली झाकलेलं ते हातभर लांबीचं लाकडी स्टेशन. बाई गेल्या तेव्हा ते नवंकोरं होतं. पिवळ्या भिंती, लाल कौलं, हिरवी दारं. आता बघतात तर कौलांवर काजळी, भिंतींवर काळे ओघळ, दारांखाली मातीचे पट्टे. बाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. सासऱ्यानं मरमर करून केलेली वस्तू, आणि हिच्यानं एकदा फडकं फिरवणं झालं नाही. चार वाजता जळगावहून लीलाधरभाऊ हे न्यायला यायचे होते. त्यांनी काय म्हटलं असतं? बाईंनी रूपाला हाकसुद्धा मारली नाही. ओलं फडकं घेतलं, काडीला कापूस गुंडाळून खिडक्यांचे कोपरेही काढले. वीस मिनिटांत स्टेशन लख्ख. आता चहाच्या वेळी सुनेला दाखवू आणि एकच वाक्य बोलू, असं त्यांनी मनात जुळवूनही ठेवलं.

रूपा चहा घेऊन आली आणि दारातच थांबली.

"आई, ती धूळ नव्हती," ती म्हणाली. "आबांनी लावली होती ती."

आधी बाईंना ते खरंच वाटेना. घाण कुणी मुद्दाम लावतं का? मग रूपानं टेबलाखालचा डबा ओढून दाखवला. औषधाच्या बाटल्यांच्या झाकणांत काळं पाणी, पॉलिश पेपरवर घासलेल्या रंगीत खडूंची पूड, गंजक्या खिळ्यांचा कीस, आणि रूपाचाच पावडरीचा मऊ ब्रश. खेळातलं स्टेशन खरं दिसायचं तर ते जुनं करावं लागतं, असं लीलाधरभाऊंनी पुस्तकातली चित्रं दाखवून शिकवलं होतं. आबांनी बरोबर महिनाभर, बाई घरी नसताना, तेवढंच काम केलं होतं. वरून पक्कं करायचा फवारा तेवढा राहिला होता. तो भाऊ आज येताना आणणार होते. खालचा ऑइलपेंट टिकला, वरचं सगळं फडक्याला आलं.

बाईंनी हातातल्या फडक्याकडं बघितलं, ते काळंकुट्ट झालं होतं.

लोकांना वाटेल, एवढ्याशा खेळण्याचं काय? पण हे खेळणं नव्हतं. चुडामण बोरसे, म्हणजे आमचे आबा, चाळीसगाव-धुळे लाइनवरच्या पिंपळदरे स्टेशनवर एकोणीस वर्षं पॉइंट्समन होते, गाड्यांना रूळ बदलून देणारे. रिटायर झाले, आणि दोन वर्षांनी लकवा मारला. उजवा हात गेला, जीभ जड झाली. त्याच महिन्यात पिंपळदरेची जुनी इमारतही पाडली. कुणीतरी येऊन ते सांगितलं आणि आबांनी भिंतीकडं तोंड केलं. चार महिने. जेवण द्या, गोळी द्या, बोला, रडा, माणूस भिंतीकडं तोंड करून. बाई खाटेच्या त्या बाजूला जाऊन बसू शकत नव्हत्या, तिथं भिंतच होती. त्या चार महिन्यांत बाई जेवढ्या घाबरल्या तेवढ्या आयुष्यात कधी घाबरल्या नव्हत्या. मेलेल्या माणसासाठी निदान रडता येतं.

मग हे लीलाधरभाऊ आले. जळगावचे, कॉलेजात शिकवून रिटायर झालेले. गच्चीवरच्या खोलीत त्यांनी अख्ख्या खान्देशची रेल्वे मांडलेली, बोटाच्या पेराएवढी माणसं आणि ताटाएवढी गावं. पिंपळदरेची इमारत त्यांनी जुन्या फोटोवरून आखून पातळ फळीत कापून घेतली होती. ते सुटे तुकडे त्यांनी खाटेवर ठेवले आणि पाठमोऱ्या आबांना एवढंच विचारलं, की तिकीटखोलीचं दार आत उघडायचं की बाहेर? आबा पाचव्या मिनिटाला वळले. त्या दिवसापासून सात महिने डाव्या हातानं तुकडे घासणं, चिकटवणं, रंगवणं. हात थरथरायचा, तुकडा पडायचा, पुन्हा उचलायचे. बोलू लागले, अंगणात जाऊ लागले.

आणि ते आपण फडक्यानं पुसलं. सुनेचं नाक खाली करायला.

रूपा म्हणाली, फोन करून खरं सांगून टाकू. बाई नको म्हणाल्या. दवाखान्यातच काही झालं तर? साडेदहा वाजले होते. माणसं दोनला येणार. बाईंनी पदर खोचला आणि चुलीतली काजळी घेऊन भिंतीवर बोट ओढलं. झालं ते बघवेना. करायला गेले एक, तसला प्रकार. रूपानं मुकाट्यानं ती जागा पुसली आणि ब्रश स्वतःच्या हाती घेतला. ती महिनाभर आबांच्या शेजारी बसून बघत होती. काळं पाणी आधी, तेही वरून खाली, कारण पाऊस भिंतीवर चढत नाही. ते वाळलं की खडूची पूड, फुंकर न मारता. बाई आयुष्यात पहिल्यांदा सुनेनं सांगितलेलं निमूट ऐकत होत्या.

रूपाच्या मोबाइलमध्ये एक फोटो होता, स्टेशनची पुढची बाजू. तो बघून तिनं पुढची भिंत केली. ओघळ, कौलांवरची काजळी, दाराखालची माती. साडेबारापर्यंत पुढचं अंग बरंचसं जमून आलं. मग स्टेशन फिरवलं, तर मागच्या बाजूचा फोटोच नाही. तिकडं आबांनी काय केलं होतं ते रूपालाही धड आठवेना.

बाई त्या कोऱ्या भिंतीकडं बघत राहिल्या. ही तर त्यांची भिंत. स्टेशनच्याच इमारतीत मागं त्यांचं क्वार्टर होतं, आणि एकोणीस वर्षं त्यांचा सगळा संसार या भिंतीच्या आडोशाला झाला होता. पुढं गाड्या, साहेब, पाटी. मागं बाई.

त्यांनी ब्रश मागून घेतला. स्वयंपाकघराच्या खिडकीवर, चौकटीच्या वर डाव्या अंगाला धूर लावला, कारण वारा नेहमी उजवीकडून यायचा. मोरीच्या तोंडाखाली हिरवट ओल. कोपऱ्यात शेळी अंग घासायची, तिथं कमरेइतक्या उंचीवर तेलकट पट्टा. कुठं किती, हे त्यांना कुणाला विचारावं लागत नव्हतं. शेवटी काडीपेटीतली काडी घेतली, तिचा गुल तपकिरी पुडीत बुडवला आणि भिंतीवर दोन ओळींत सात गोल उमटवले. रूपानं विचारलं हे काय, तर म्हणाल्या, असू दे.

पावणेदोनला रिक्षा वाजली. बाईंनी हात धुतले तरी नखांतलं काळं निघालं नाही, म्हणून पदराखाली घेतले.

प्रकाशनं आबांना धरून आणलं, खुर्चीत बसवलं. डॉक्टर म्हणाले फार सुधारणा आहे, हे तो सांगत होता. आबांचं तिकडं लक्ष नव्हतं. त्यांनी धोतराचा तुकडा उचलला. बघितलं. चष्मा काढून पुसला, परत लावला, परत बघितलं. रूपाचा प्रत्येक ओघळ सरळ, सफाईदार उतरलेला. थरथरत्या हाताचा एकही नव्हता.

"हाई मनं नही," आबा म्हणाले, हे आपलं काम नव्हे.

रूपा पुढं झाली, तिचा विचार दोष आपल्या अंगावर घ्यायचा होता. बाईंनी तिचा हात धरला.

"मी पुसं," त्या म्हणाल्या. "माले वाटनं, धूळ शे. मी सुनले दाखाडाले पुसं."

आबांनी रागवावं, काही फेकावं, असं बाईंना मनापासून वाटलं. पण त्यांनी प्रकाशला खूण केली. त्यानं खाटेवर टेकवलं. आबा आडवे झाले, आणि भिंतीकडं वळले.

जेवायला उठले नाहीत. गोळीही घेतली नाही. बाई खाटेच्या पायथ्याशी बसून होत्या. दोन वाजले, तीन वाजले, ती पाठ हलली नाही. रूपानं दोनदा पाणी आणलं आणि दोन्ही वेळा परत नेलं. चार महिन्यांनी वळलेलं माणूस आपण वीस मिनिटांत परत भिंतीला लावलं, एवढंच बाईंच्या डोक्यात फिरत होतं. रडू येत होतं, पण रडायचा हक्क आपल्याला नाही असंही वाटत होतं.

चारला लीलाधरभाऊ आले. खोका, फवारा, पेढे घेऊन. घरातली अवकळा बघून त्यांनी आवाज खाली आणला. रूपानं दारातच काय झालं ते सांगितलं. ते टेबलाशी गेले, स्टेशन दोन्ही हातांनी उचललं, पुढून बघितलं, छान आहे म्हणाले. मग मागून बघितलं आणि खाटेकडं वळले.

"चुडामणभाऊ," ते पाठीला म्हणाले, "क्वार्टरच्या भिंतीवर हे सात गोल कसले?"

मग आबांचा डावा हात हळूच खाटेच्या कडेला आला. त्यांनी ताकद लावली, अर्धे वळले, पडले, पुन्हा वळले. बाई उठून धरायला गेल्या तर त्यांनी मानेनंच नको म्हटलं. भाऊंनी स्टेशन त्यांच्या डोळ्यांसमोर धरलं.

आबांनी खिडकीवरचा धूर बघितला. मोरी बघितली. शेळीचा पट्टा बघितला. त्या सात गोलांवर बोट ठेवलं आणि त्यांचं वाकडं झालेलं तोंड आणखी वाकडं झालं. त्यांना हसू येतंय हे कळायला बाईंना वेळ लागला.

"हिन्या गवऱ्या शेतस," आबा भाऊंना म्हणाले. "रेल्वेनी भितवर. हिनापायी माले मेमो भेटेल व्हता."

तीनदा चुना मारला तरी साहेबाच्या तपासणीत ते डाग वर आले होते, हे त्यांनी अडखळत, शब्द शोधत, पण सगळं सांगितलं. एवढं लांब ते लकव्यानंतर कधी बोलले नव्हते. भाऊ ऐकत होते. मग त्यांनी फवारा काढला, म्हणाले, चला तर, पक्कं करून टाकू आणि नेतो.

आबांनी हात आडवा धरला. पुढची बाजू आपणही भाऊंच्या पुस्तकातल्या चित्रांवरून केली होती, ती कुठल्याही स्टेशनची असेल, पिंपळदरेची नाही, असं ते म्हणाले. बाकावर माणसं डोकं टेकायची तिथं किती काळं होतं, माठ कुठं गळायचा, त्यांना काही म्हणजे काही आठवत नव्हतं. ते ड्यूटीवर होते, बघत होते सिग्नलकडं; माठ भरायच्या त्या बाई. आठ दिवसांनी या, असं त्यांनी भाऊंना सांगितलं.

"ठेसनवर काम चालू शे," ते म्हणाले आणि बाईंना बसायला खाटेवर जागा करून दिली.