करंगळीची रेघ

तोंडावर पाणी मारण्याआधी नंदाबाई गच्चीवर जायची आणि पाण्याच्या टाकीच्या झाकणावरून करंगळी फिरवायची. करंगळीच, कारण बाकीची बोटे तीस वर्षे बिड्या वळून राठ झाली होती. त्यांना धूळ कळत नसे. मग ती बोट निरखायची, जिन्याच्या चुना मारलेल्या भिंतीवर पुसायची आणि खाली येऊन चहा ठेवायची. भिंतीवर रोज एक रेघ वाढे. काही रेघा दाट काळ्या, काही नुसत्या राखाडी. नव्या माणसाला वाटे, घरात लहान मूल असेल.

घर कुडवा गावात, गल्लीच्या शेवटाला. नवरा टिकाराम गेल्यावर नंदाबाईने बिड्या वळून वळून ते उभे केले होते. मागच्या अंगाला राइस मिल. तिथे उसना, म्हणजे उकडा तांदूळ निघे. धान वाफवायला बॉयलरमध्ये भुसा जाळत आणि त्याची काळी राख वाऱ्याबरोबर गल्लीत उतरे. दोन पावसाळे झाले, सून दामिनीला धाप लागू लागली होती. जिना चढली की ती मधल्या पायरीवर बसून राही.

"आई, होळीनंतर आपण भंडाऱ्याले जाऊ," मुलगा रोशन म्हणाला. "खोली पायली आहे मी."

"तुमी जा. मी ह्या भिंती कोठी नेऊ?"

ती असे म्हणाली खरी, पण पोरगा-सून गेल्यावर या भिंतींना तरी कोण विचारणार, हे तिला कळत होते.

गल्लीने मिलविरुद्ध अर्ज केला. अर्जावर पहिली सही नंदाबाईची. दिवाळीनंतर तिच्याच गच्चीवर हवेतली धूळ मोजायचे यंत्र आले, कारण गल्लीत तेवढी उंच गच्ची दुसरी नव्हती. पत्र्याची कमरेएवढी पेटी, वर उतरते छप्पर, आणि छपराखाली वहीच्या पानाएवढा पांढरा कागद. यंत्र हवा ओढून घेई, धूळ कागदावर बसे. कागद आधी तोललेला असे. नागपूरच्या सरकारी प्रयोगशाळेत नेऊन पुन्हा तोलत. वाढले तेवढे वजन धुळीचे. आठवड्यात दोन दिवस ते चाले, सकाळी सहापासून दुसऱ्या सकाळी सहापर्यंत. दिवस ठरलेले नसत. आदल्या संध्याकाळी नागपूरहून फोन येई, आणि मग गजेंद्र नावाचा मुलगा गाडीवर कागद घेऊन हजर होई.

पहिल्याच दिवशी त्याने बजावले, "मावशी, मशीन चालू असली का गच्ची झाडायची नाई. मिरच्या वाळू घालायच्या नाई. दोरीवर कपडे नाई. धागे उडतात, कागद खराब होते."

"होय बाबू," नंदाबाई म्हणाली. आणि तिने ते तंतोतंत पाळले. यंत्राच्या दिवशी धुणे खाली मोरीतच बादलीत पडून राही. दोरी मोकळी.

दोन महिन्यांनी अहवाल आला. हवा मर्यादेच्या आत.

"पाय," रोशन म्हणाला, "मशीन म्हणते हवा चांगली. मंग हिले दम काऊन लागते? मिलवाला आता कायले काही करते? चला, सामान बांधा."

दामिनीच्या माहेरी फोन गेला होता, तिथून विचारणा झाली होती की पोरगी कामाचा कंटाळा तर करत नाही ना. नंदाबाईलाही एकदा तसे वाटून गेले होते. पण करंगळी खोटे बोलत नव्हती.

तिने भिंतीकडे नीट बघायला सुरुवात केली. यंत्र चालले की दुसऱ्या सकाळच्या रेघेशेजारी ती कुंकवाचा ठिपका देई. पंधरा दिवसांत चित्र उघडे पडले. जिथे ठिपका, तिथे रेघ फिकी. यंत्र चालू त्या दिवशी मिलचे धुराडे सज्जन होई. यंत्र बंद, की काळे लोट.

कोणीतरी आतून सांगत होते.

पहिला संशय गजेंद्रवर. तो कागद चिमट्याने धरायचा, हात लावायचा नाही. हात न लावणारा माणूस काहीतरी लपवतो, असे तिचे मत. वहीत वेळ लिहितानाही तो मिलकडे बघायचा. नंदाबाईने त्याचा चहा बंद केला. नुसते पाणी, तेही दारात.

"बाबू, तुयी गाडी नवी दिसते."

"किस्तीवर आहे मावशी."

"किस्ती कोण भरते?"

"मीच. कोण भरणार?"

"मिलमध्ये ओळख आहे का कोणाशी?"

गजेंद्र हसला. "मावशी, तुमी पोलिसात पाहिजे होत्या."

त्याचे हसणेही तिने जमेस धरले.

मग दामिनीची पाळी. तिला भंडाऱ्याला जायचेच होते की काय? फोनवर हळू काऊन बोलते? नंदाबाई स्वयंपाकघराच्या दाराशी उभी राही. आत दामिनी आईला वांग्याच्या भाजीत तिखट किती घालायचे ते विचारत असे. गल्लीतली माणसे दुपारी यंत्राची चौकशी करायला येत, तर त्यांनाही ती म्हणे, "तुमाले कायले पाहिजे?" बायका तिच्या माघारी म्हणत, मशीन धूळ मोजते आणि नंदाबाई माणसं.

मिलच्या उंच मनोऱ्यावर, जिथून धान खाली सुटते, तिथे रोज सकाळी साताच्या सुमाराला लाल गमछावाला एक माणूस चढे. बॉयलरवरचा उदाराम. कठड्याला टेकून इकडे बघे आणि उतरे. बिडी प्यायला येत असेल, असे ती धरून चालली होती. संशयाने तिने अख्खी गल्ली चाळली. हा माणूस मात्र चाळणीतून सुटला.

माघ निम्मा झाला आणि नळाचे पाणी गेले. पाइप फुटला होता. दोन दिवस प्यायचे पाणी कसेबसे, धुण्याचे नाव नाही. दुसऱ्या सकाळी तिने झाकणावरून बोट फिरवले आणि ते उन्हात धरले. जवळजवळ स्वच्छ. भिंतीवर पुसले, तर रेघ फिकी. सवयीने कुंकवाची डबी उघडली आणि हात थांबला. काल यंत्र बंद होते. गजेंद्र आला नव्हता. पेटीचे कुलूप तसेच.

तिने धुराड्याकडे बघितले. तेही पातळ. मनोऱ्यावर लाल गमछा आला, कठड्याला टेकला. आज पहिल्यांदा तिने त्याच्या नजरेची वाट धरली. ती नजर यंत्रावर नव्हती. यंत्र टाकीच्या आड, तिथून दिसतही नसावे. ती नजर दोरीवर होती.

दोरी रिकामी, म्हणजे यंत्र चालू. नंदाबाई हळूच जिन्याच्या पायरीवर बसली. तीन महिने मिलला निरोप जात होता, आणि निरोप्या तीच होती.

ती कोणाला काही बोलली नाही. पुढच्या खेपेला गजेंद्र आला तेव्हा तिने त्याच्या हातात कप दिला.

तो कपात बघत राहिला. "आज चहा?"

"दूध उरलं होतं." मग पदराला हात पुसत, "बाबू, कपडे मशीनपासून किती लांब चालतात?"

"वारा मिलकडून येते. मशीनच्या पलीकडे, त्या पार टोकाला टाकले तर धागे इकडे नाई येणार. पण ओलेच टाका, झटकू नोका. आणि मी वहीत लिहीन तसं. उद्या मिलवाला म्हणेल, धूळ मावशीच्या लुगड्याची होती."

"लिही. लुगड्याचा रंगही लिही."

तिने दोरी पूर्वेच्या टोकाला बांधून घेतली आणि पिळलेले लुगडे, रोशनची पँट, दोन चादरी अलगद पसरल्या. मागे यंत्र घरघरत होते. सात वाजता लाल गमछा चढला, बघितले, उतरला. अर्ध्या तासात धुराड्यातून काळा लोट निघाला आणि गल्लीवर वाकला. दामिनी खाली खोकू लागली. नंदाबाईने खिडक्या लावून घ्यायला सांगितल्या आणि स्वतः गच्चीवरच उभी राहिली.

दुसऱ्या सकाळी गजेंद्रने चिमट्याने कागद उचलला. पांढरा गेला होता, तव्याच्या बुडासारखा झाला होता. नंदाबाईने कागदाला हात लावला नाही. तिने करंगळी दाखवली. दोन्ही रंग एकच.

तसे कागद सात निघाले. होळीला रोशनने भंडाऱ्याच्या खोलीवाल्याला थांब म्हणून कळवले. नंतर मिलला नोटीस गेली. पुढच्या दिवाळीपर्यंत धुराड्याशेजारी राख धरायचा मोठा पिंजरा उभा राहिला, आणि भिंतीवरच्या रेघा हळूहळू फिक्या होत गेल्या. दामिनी जिना एका दमात चढू लागली, पण नंदाबाईने पिंजऱ्यावरही विश्वास ठेवला नाही. करंगळी रोज फिरत राहिली, आणि दोरी कधी रिकामी दिसली नाही.

गेल्या पौषात, सकाळी, तिच्या छातीत कळ आली. रोशनने गल्लीच्या तोंडाशी ऑटो आणला. यंत्र अजून गच्चीवरच होते आणि त्या दिवशी ते चालू होते. दामिनीने तिला धरून बसवले, शाल गुंडाळली. दुपारी दवाखान्यातून जी बातमी यायची ती आली, पण सकाळी, ऑटो हलायच्या आधी, नंदाबाईने मान वर करून गच्चीकडे बघितले आणि सुनेला म्हणाली, "दोरीवरचं काढू नोको वो, वाळलं तरी राहू दे."