ताईच्या कुंपणाची भिंत

वाशीमला आमचं हॉटेल काढायचं ठरलं तेव्हा परवाने आणि स्वयंपाकघर नवऱ्याकडे सोपवलं आणि आतलं रूप मी माझ्याकडे घेतलं. कुणी दिलं नव्हतं, मीच घेतलं. प्लास्टिकचे वेल सोडणाऱ्या आणि लाकडाचा आव आणणारे कागद चिकटवणाऱ्या हॉटेलांना मी इतकी वर्षं नावं ठेवली होती, की आता करून दाखवणं भाग होतं. खाली साधी दगडी फरशी, दिव्यांवर बांबूच्या टोपल्या, बसायला बाभळीचे बाक, इथवर सगळं जमलं. दारातून शिरल्यावर समोर दिसणारी मोठी भिंत मात्र काही केल्या सुचेना.

ती सुचली ताईच्या मळ्यात. माझी ही थोरली बहीण अनसिंगजवळ दिलेली. ती आणि भाऊजी विहिरीच्या पाण्यावर वांगी, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर काढतात आणि बाजारात विकतात. मळ्याभोवती तुराट्यांचं कुंपण होतं. तूर झोडून उरलेल्या काड्या, दाट उभ्या रोवून बांधलेल्या. ऊनपाऊस खाऊन त्या राखाडी झाल्या होत्या आणि कलत्या उन्हात त्यांच्यावर चांदीसारखी झाक आली होती. चहा थंड झाला तरी मी तिथून हलले नाही.

“ताई, मले हे कुंपण पायजे.”

ती हसली. “ह्या सडक्या काड्या? तूर निघू दे वो, मंग नवीन ने गाडीभर.”

पण नवीन तुराटी तांबूस दिसते. मला राखाडीच हवी होती, आणि आमचं उद्घाटन तूर निघायच्या आधी होतं. मी हट्टाला पेटले. लहानपणी तिच्या ताटातली भाकरी मागायचे तसंच मागितलं आणि तिनंही तसंच देऊन टाकलं. “घेऊन जाय. तुयं हाटेल झालं पायजे.” बदल्यात आठवडाभरात तारेची जाळी लावून देते, असं मी छातीठोकपणे सांगितलं. टेम्पोत तुराट्या भाऊजींनीच भरून दिल्या.

भिंत फार सुंदर झाली. लोक येतात, हात लावून बघतात, पाठीशी घेऊन फोटो काढतात. जाळी मात्र राहिली. विसरले म्हणणं खोटं होईल. रोज आठवायची, आणि रोज तिच्या आधी दुसरं काहीतरी निघायचं. ताईचा फोन येत नाही म्हणजे सगळं ठीक आहे, अशी मी सोयीस्कर समजूत करून घेतली. उद्घाटनाला नेसायला तिला मोरपिशी साडी पाठवली. गुडघा दुखतो म्हणून ती आलीच नाही, आणि मी वर रुसूनही बसले.

मग एका बाजारच्या दिवशी भाऊजी हॉटेलात आले. हात रिकामे होते. मी चहा ठेवला आणि सहज विचारलं, “भाऊजी, यंदा मेथी नाही आणली?”

ते भिंतीकडे पाहत होते. “मेथी रोह्यायनं खाल्ली,” ते म्हणाले. “वांगे बी गेले.” नीलगाईंचा कळप कुंपण नसलेल्या मळ्यात रात्रीतून काय करतो, हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. भाऊजींनी शांतपणे चहा प्यायला. त्यांनी मला दोन शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच जाळीची भेंडोळी टेम्पोत टाकून मी मळ्यावर गेले. वाटभर शरमेनं मेल्यासारखं होत होतं. काय बोलायचं ते चार वेळा ठरवलं आणि चारही वेळा ते मलाच पोकळ वाटलं.

मळ्याभोवती साड्या बांधलेल्या होत्या. रोही बुजावेत म्हणून आमच्याकडे बांधतात तशा, खांबांना ताणून. विटक्या, फाटक्या, ताईच्या अंगावर मी वर्षानुवर्षं पाहिलेल्या. विहिरीकडच्या कोपऱ्यात मोरपिशी साडी होती. तिच्या घडीच्या रेघासुद्धा अजून मोडल्या नव्हत्या.

“ताई, ही काहून बांधली?”

“जुन्या पुरल्या नाहीत,” ती वाफ्यातूनच म्हणाली. “अन् ते तिकूनच येत होते.”

“मले एक फोन तं करायचा.”

“तू कामात होती.”

मला रडू आलं, पण ते नंतर. आधी काय झालं ते सांगायची मला लाज वाटते. सकाळचं ऊन त्या साड्यांतून झिरपून वाफ्यांवर पडलं होतं, लाल, हिरवं, मोरपिशी. वरच्या मजल्याला असेच पडदे हवेत, असं माझ्या मनात आलं आणि फोटो काढायला माझा हात फोनकडे गेला.

ताईनं मान वर करून पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. “हे बी पायजे का तुले?” तिनं विचारलं. आणि मी काही बोलायच्या आत हातांची माती झटकून ती कोपऱ्यात गेली आणि मोरपिशी साडीची गाठ सोडायला लागली.