पाचवीच्या आत

तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात महानंदा सिस्टर एखाद्या लेकराला तपासायला आली, की आधी त्याच्याकडं बघायचीच नाही. आईशी दोन शब्द बोलायची, खाटेच्या कडेला टेकायची आणि गळ्यातली छाती तपासायची नळी काढून सहज चादरीवर ठेवायची. पोरगं आपणहून नळीला हात लावायचं. मग ती म्हणायची, "आधी माझं ऐक बघू. आत कोण बोलतंय?" पोरगं तिची छाती ऐकण्यात गुंग व्हायचं आणि तोवर तिनं त्याचा श्वास, नाकपुड्या, आत ओढल्या जाणाऱ्या बरगड्या सगळं बघून घेतलेलं असायचं. वयात आलेली पोर पोट दुखतंय म्हणून आली, तर तिच्या आईला ती पाण्याची बाटली भरायला पाठवायची. आई दाराबाहेर गेली की पोर बोलायची. तान्ह्या बाळाला तर ती तळहात घासून ऊन केल्याशिवाय शिवायची नाही.

"बाळाला बोलता येत नाही असं कोण म्हणतं?" नव्यानं आलेल्या पोरींना ती सांगायची. "भुकेचं रडणं वेगळं, दुखण्याचं वेगळं. आणि रडायचंच थांबलं, तर ते सगळ्यात मोठ्यानं बोलतंय असं समजा."

बायका विचारायच्या, "सिस्टर, तुम्हाला किती लेकरं हैत?"

"दोन," ती सांगायची. कधी दोन्ही मुलगे असायचे, कधी एक मुलगी. तिला एकही नव्हतं. पण ते सांगितलं की बायका आपलं लेकरू हळूच तिच्या हातातून काढून घेतात, हे तिनं पहिल्याच वर्षी बघितलं होतं.

माकणी गावातल्या सासरच्या घरात मात्र खोटं चालण्यासारखं नव्हतं. तिथं सासू लक्ष्मम्मा होती. लग्नाला तप उलटलं, तशी लक्ष्मम्मानं थोरल्या सुनेला टोमणे मारायचंही सोडून दिलं होतं. ज्या गाईला दावणीला ठेवायचं एवढंच ठरलेलं असतं, तिच्याशी बोलतात तेवढंच ती बोलायची. नवरा शंभुलिंग खत-बियाण्याच्या दुकानात बसायचा आणि घरी आल्यावर आईच्या तोंडाकडं बघून मग बायकोशी बोलायचा. महानंदाच्या पगारातून घराची मागची खोली बांधली होती. हवेशीर, पूर्वेला खिडकी असलेली. धाकटी जाऊ शिवानी गरोदर राहिली, तेव्हा हीच बाळंतिणीची खोली ठरली, कारण शिवानीला माहेरी आई नव्हती. ओटीभरणाच्या दिवशी लक्ष्मम्मानं थोरलीला सांगितलं, "त्या दिवशी तू ड्यूटी लावून घे." तिनं लावून घेतली.

उमरग्याला शिवानी बाळंत झाली. मुलगा झाला. घरी सोडताना तिथल्या डॉक्टरांनी दुसऱ्याच दिवशी बाळाला परत दाखवायला सांगितलं होतं. लक्ष्मम्मा गाडीत बसताना म्हणाली, "धडधाकट लेकरू उन्हातान्हाचं कशाला फिरवायचं? पाचवी झाल्यावर बघू."

महानंदा त्या दिवशी संध्याकाळी ड्यूटीवरून आली, ती हातपाय धुवून थेट मागच्या खोलीकडं गेली. लक्ष्मम्मा उंबऱ्यावर पाय आडवा टाकून बसली होती.

"लांबूनच बघ. पाचवीची पुजा होऊ दे, मग घे."

"नुसतं बघते की, आत्याबाई. मी रोज दहा लेकरं बघते."

"ती लोकांची. त्यांना ठाऊक न्हाय. हितं मला ठाऊक हाय."

आत पूर्वेच्या खिडकीला गोधडी लावलेली होती. शेगडीत ओवा-शेपा धुमसत होता. सखूबाई बाळाला पायावर घेऊन तेल-हळद चोळत होती. पंचक्रोशीतल्या निम्म्या लेकरांना तिनंच न्हाऊ-माखू घातलेलं होतं. बाळ डोक्यापासून तळपायापर्यंत पिवळं होतं. त्यानं एकदाच डोळे किलकिले करून बघितलं आणि ते परत झोपलं.

"आत्याबाई, बाळ पिवळं हाय."

सखूबाई खुदकन हसली. "अगं बाई, हळद लावली की पिवळंच दिसतंय. नर्सबाईला हळदबी म्हाईत न्हाय व्हय?"

"डोळ्यांतबी हळद घातली का मावशी?"

सखूबाईचा हात थांबला. शिवानी खाटेवर कोपरावर उठून बसली. "अक्का, काय झालं?"

"सुम्नीर!" लक्ष्मम्मा कानडीतून धाकट्या सुनेला गप्प करत म्हणाली, आणि मग थोरलीकडं वळली. आवाज चढला नाही. ती कधी ओरडायची नाही. "बारा वर्सं झाली, घरात पाळणा हालला न्हाय. आता हालला, तर आल्या आल्या तुला त्यात रोग दिसला. स्वतःच्या पदरात न्हाय म्हणून दुसऱ्याच्या लेकराला आजारी पाडायलीस का? उद्या मरंल म्हण. म्हण की! तेवढं म्हणून टाक, म्हंजी तुझं पोट गार हुईल."

शिवानीनं बाळाच्या अंगावर दुपटं ओढून घेतलं. महानंदाची नजर पडू नये म्हणून. तिला ते करताना कळलंही नसेल.

जेवताना महानंदानं नवऱ्याला सांगितलं. "कावीळ हाय. उद्या सकाळी दाखवायला पाहिजे. तुम्ही वीरप्पाला सांगा." वीरप्पा म्हणजे धाकटा दीर, बाळाचा बाप.

शंभुलिंग भाकरी मोडत म्हणाला, "आईला न विचारता कसं सांगू? जाऊ दे ना. तुझं काय जातंय?"

तेव्हा ती गप्प बसली. आणि या गप्प बसण्यात कुठंतरी थंडगार बरं वाटलं, हे तिला तिथंच कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती ड्यूटीची साडी नेसत होती. मागच्या खोलीतून काहीच आवाज येत नव्हता. काल रात्रीपासून येत नव्हता. लक्ष्मम्मा शेजारणीला कौतुकानं सांगत होती, "लई शाना हाय माझा नातू. रडत म्हणून न्हाय. दूधबी मागत न्हाय, नुस्ता झोपतोय." महानंदाच्या हातातली निरीची घडी निसटली. तिनं ती परत धरली, नीट चापून बसवली आणि पिन लावली. दार उघडून सांगता आलं असतं. आरडाओरडा करता आला असता. बघू दे तिला, ती मनात म्हणाली. शाना नातू बघू दे. आणि बाहेर येऊन तालुक्याला, लोहाऱ्याला जाणाऱ्या जीपमध्ये बसली.

त्याच दिवशी वॉर्डात एक बाई तान्हं बाळ घेऊन आली. महानंदानं त्याला उघडं करून खिडकीच्या उजेडात नेलं, कपाळावर बोट दाबून सोडलं. कातडी पांढरी व्हायच्या जागी पिवळी उमटली. "काल का आणलं नाहीस?" ती त्या बाईवर कडाडली. "आई हैस का वैरीण?" ती बाई रडायला लागली. बाळ कावीळ उतरवणाऱ्या निळ्या दिव्याखाली गेलं. महानंदा त्याच्या डोळ्यांवर पट्टी बांधताना त्याच्याशी नेहमीसारखी हळू आवाजात बोलत राहिली.

संध्याकाळी घरी पाचवीची तयारी चालली होती. पाट मांडला होता, लिंबाचा डहाळा दाराला लावला होता. महानंदाला चुलीपाशी बसवलं होतं. पूजेत पुढं यायचं नाही, हे न सांगताच ठरलेलं होतं. लक्ष्मम्मा हळद-कुंकू वाहत असताना आतून बाळाचा आवाज आला. उंच, बारीक, पत्र्यावर खिळा ओढल्यासारखा. बायका म्हणाल्या, "आलं बाई रडू, आता भूक लागली." महानंदानं झारा कढईतच टाकला. ती पाट ओलांडून, उंबरा ओलांडून आत गेली. बाळाचं दुपटं तिनं फेडलं. मान मागं गेलेली होती, पाठ धनुष्यासारखी वाकली होती. मुठी उघडत नव्हत्या.

"वीरप्पा, गाडी काढा! सोलापूर!"

या वेळी कुणी तिला अडवलं नाही. सोलापूरला बाळाचं रक्त बदललं. जीव वाचला, पण कावीळ मेंदूपर्यंत पोचली होती. डॉक्टर एवढंच म्हणाले, "काल आणलं असतं तर." हे वाक्य महानंदाला पाठ होतं. तिनं स्वतः ते कितीतरी आयांना ऐकवलं होतं.

पंधरवड्यानंतर बाळ घरी आलं, तेव्हा गावात सगळं ठरून गेलेलं होतं. पूजा पुरी व्हायच्या आत थोरलीनं उंबरा ओलांडला. पाट ओलांडला. लेकराला हात लावला. लक्ष्मम्मा ज्याला त्याला तेवढंच सांगत होती, आणि त्यात खोटं काही नव्हतं.

बारसं झालं, नाव पंचाक्षरी ठेवलं. तीन-चार महिन्यांनी एकदा महानंदानं त्याच्या डोक्यामागं ताटावर पळी आपटली. सखूबाई दचकली, शिवानी दचकली. पंचाक्षरी आढ्याकडं बघत राहिला. शिवानीनं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. मान धरायचं वय उलटलं तरी त्यानं मान धरली नाही. हात एकीकडं न्यायचा झाला, तर दुसरीकडंच जायचा.

वर्षभरात लक्ष्मम्मानं त्याला उचलून महानंदाच्या मांडीवर ठेवलं. "तुला लेकरू पाहिजे होतं ना? घे. तूच हात लावलास, तूच सांभाळ. शिवानीला दुसरं होऊ दे."

शिवानी दाराआड उभी होती. ती पुढं आली नाही.

महानंदानं रात्रपाळ्या बंद करून घेतल्या. पंचाक्षरीला पेज भरवायला घोट घोट करत बराच वेळ लागायचा. त्याला ऐकू येत नव्हतं, म्हणून तिनं त्याचा हात आपल्या गळ्यावर ठेवून बोलायची सवय लावली. गळ्यातली थरथर बोटांना लागली, की तो हसायचा. त्याचं भुकेचं, दुखण्याचं, कंटाळ्याचं अंग आखडणं ती दुरून ओळखायची. दुसऱ्या कुणाला त्यातलं एकही कळायचं नाही. गावातल्या बायका म्हणायच्या, "देवमाणूस हाय बाई. जावेच्या लेकराचं सगळं करती." ती ऐकून घ्यायची. साडीची निरी चापताना गेलेली ती सकाळ तिनं कुणालाच सांगितली नाही. दवाखान्यात आता कुणी विचारलं तर ती म्हणायची, "एक."

पाच वर्षांनी शिवानीला दुसरा मुलगा झाला. या वेळी हळद लावली नाही. सखूबाईला बोलावलंच नाही. खिडकीवरची गोधडी लक्ष्मम्मानं स्वतःच्या हातानं काढली. तिसऱ्या दिवशी दुपारी ती मागच्या खोलीतून हाका मारत बाहेर आली.

"महानंदा! ये ग बाई आत. बघ जरा. डोळे बघ त्याचे. मला काय कळंना झालंय."

महानंदा पंचाक्षरीला कमरेवर घेऊन आली आणि उंबऱ्याबाहेर थांबली. खिडकीतून भरपूर ऊन येत होतं. बाळ आईच्या अंगावर घटाघटा पीत होतं, मधेच लाथ झाडत होतं. तळपाय लालसर गुलाबी होता. डोळ्यांची पांढरी बाजू पांढरीच होती. एका नजरेत तिला सगळं दिसलं.

"ये की," लक्ष्मम्मा म्हणाली.

"पाचवी होऊ द्या की, आत्याबाई."

"महानंदा..."

"पुजा होऊ द्या. मग घेते."

शिवानी बाळाला छातीशी धरून उठली. "अक्का, पाया पडते तुमच्या. नुसतं सांगा. बरं हाय का न्हाय, एवढंच सांगा."

"मी काय सांगू? माझी नजर पडती." महानंदानं पंचाक्षरीच्या हनुवटीवरची लाळ पदरानं टिपली. "आवाज करत न्हाय जास्त. शाना दिसतोय."

लक्ष्मम्मा मटकन उंबऱ्यावर बसली. मग एकदम ती उठली आणि वीरप्पाला हाका मारत अनवाणी अंगणात धावली. भर उन्हात जीप निघाली. ओली बाळंतीण मागं बसली होती, तिच्या कानाला फडकंही बांधलेलं नव्हतं. लक्ष्मम्मा नातवावर पदर धरून मोठ्यानं रडत होती.

धूळ खाली बसेपर्यंत महानंदा ओसरीवर उभी राहिली. मग खाली बसली, पंचाक्षरीला मांडीवर घेतलं, त्याचा वाकडा हात उचलून आपल्या गळ्यावर ठेवला आणि हसली. हसणं त्याच्या बोटांना कळलं. तोही हसला.