एकाच घरासमोरची माणसं

बाबा केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात होते आणि आम्ही दिल्लीत लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहायचो. मी तेव्हा सातवीत होते. आदल्या पावसाळ्यात यमुनेचं पाणी पलीकडच्या एका छोट्या गावात शिरलं होतं. वाहून गेलेल्या घरांच्या जागी पक्की घरं बांधायला केंद्राने तिथल्या नगरपालिकेला पैसे दिले होते. घरं झाली का, हे कागदोपत्री तपासून सही करणं बाबांच्या टेबलावर होतं. त्यांची सही झाली की पुढचा हप्ता जायचा.

एका शनिवारी त्यांनी फाइल घरी आणली. आत फोटोच फोटो. प्रत्येक फोटोत एक नवं घर, पुढे उभं कुटुंब आणि बाईच्या हातात नावाची पाटी. मी ते पलंगावर मांडत बसले.

"बाबा, सगळ्यांच्या दाराजवळचं प्लास्टर एकसारखंच कसं उडालंय?"

बाबांनी चष्मा लावला. एक फोटो उचलला, दुसरा उचलला. मग हळूच म्हणाले, "कुणाला सांगू नकोस हं."

रविवारी सकाळी त्यांनी मला स्कूटरवर मागे बसवलं. मुलगी बरोबर असली की सरकारी माणूस वाटणार नाही, असा त्यांचा हिशेब असावा. गावाबाहेर फोटोतलं ते उडालेल्या प्लास्टरचं घर सापडलं. आजूबाजूला दुसरं पक्कं घर नव्हतं. बांबूंवर ताणलेलं काळं प्लास्टिक आणि त्याखाली चुली, एवढंच. एक बाई पदराला हात पुसत पुढे आली.

"फिर फोटो खिंचवानी है क्या? बच्चों को बुला लूँ?"

तेवढ्यात नगरपालिकेची एक जीप येऊन थांबली. पांढऱ्या शर्टातला एक माणूस हसत उतरला. त्याने बाबांना नाव विचारलं नाही, माझ्या डोक्यावर हात ठेवला.

"बड़ी प्यारी बिटिया है. कौन से स्कूल में पढ़ती हो?"

मोठ्यांनी विचारलं की नीट उत्तर द्यायचं, हे मला घरी शिकवलं होतं. मी शाळेचं नाव सांगितलं. इयत्ता आणि तुकडीही सांगितली.

"अच्छा," तो म्हणाला आणि बाबांकडे बघत राहिला.

परतताना पूल ओलांडल्यावर बाबांनी स्कूटर कडेला घेतली. मागे वळून जीप येतेय का ते पाहत राहिले. मी काहीतरी भयंकर केलंय, एवढं मला कळलं. काय ते विचारायचा धीर झाला नाही.

घरी सगळं ऐकून आईने आधी दार लावून घेतलं. "अहो, सही करून टाका. इथे आपलं कोण आहे?"

"अगं, मुलांना बोलावू का, असं विचारत होती ती बाई. सवय झालीय त्यांना."

सोमवारी बाबांनी सही केली नाही. जे पाहिलं ते लिहून फाइल वर पाठवली. हप्ता थांबला, तपासणीचं पथक नेमलं गेलं.

त्यानंतर बाबा मला शाळेत सोडायला येऊ लागले, आणायला आई. एकदा सरोजिनी नगरच्या बाजारात मागून जीपचा हॉर्न वाजला. आईने मला दंडाला धरून कपड्यांच्या दुकानात ओढलं आणि टांगलेल्या फ्रॉकांमागे उभं केलं. जीप निघून गेली. कुणाची होती कोण जाणे. आमच्या दारात कधीच कुणी आलं नाही, पण कितीतरी महिने अनोळखी माणसाने नाव विचारलं की मी खोटं सांगायचे.

पथकालाही तिथे ते एकच घर सापडलं. नगरपालिकेतले दोघे निलंबित झाले. पुढच्या पावसाळ्याआधी बाकीची घरं खरोखर उभी राहिली, असं बाबांनीच एकदा जेवताना सांगितलं. मला हायसं वाटलं होतं.

निवृत्तीनंतर आई-बाबा दिल्लीतच द्वारकेला राहायला गेले. तिथे एका दुपारी मी त्यांना विचारलं, "बाबा, तेव्हा तुम्ही खूप घाबरला होतात ना?"

"हो," ते म्हणाले. मग चहाचा कप खाली ठेवत म्हणाले, "हप्ता थांबला, त्यामुळे ती माणसं अख्खा हिवाळा प्लास्टिकखाली राहिली. एक तान्हं बाळ गेलं थंडीने. फाइलीत आलं होतं."

"मला कधी सांगितलं नाहीत."

"बारा वर्षांची होतीस गं तू," बाबा म्हणाले आणि चहाचे कप उचलून आत गेले.